मंगलाष्टक आणि दोन कॅमेरे

लग्नाचं शूटिंग ठरवायला येणारी माणसं हल्ली मोबाइल पुढे धरतात. "भाऊ, असं पाहिजे." त्यात नवरी हळूहळू चालत असते, मागचं सगळं धूसर, वरून गाणं. असलं काही काढायचं तर डीएसएलआर लागतो. माझा जुना मोठा व्हिडिओ कॅमेरा पाहिला की पोरं हसतात. मी चिडतो, आणि मग मुकाट डीएसएलआर गळ्यात अडकवतो. पांढरकवड्यात दुकान चालवायचं तर नुसतं चिडून भागत नाही.

लग्न ठरलेली एक मुलगी मात्र वेगळंच मागायला आली. तिच्या आईच्या घशात गाठ होती. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी ऑपरेशनसाठी नागपूरला भरती व्हायचं होतं, आणि डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की जीव वाचेल, आवाज जाईल. आईनं लेकीसाठी स्वतः एक मंगलाष्टक रचलं होतं. मंडपातच ऐकवीन म्हणून तिला त्यातली एक ओळही कळू दिली नव्हती.

"मी कशीबी दिसली तरी चालते, भाऊ," ती म्हणाली. "आईचा आवाज आला पाहिजे."

मी म्हटलं, आधी घरीच रेकॉर्ड करून ठेवू. पण तिच्या आई, काकू, ऐकेनात. "लग्नाआधी मंगलाष्टक म्हनते का कोनी? अपशकुन असते तो." त्यांचा आवाज तेव्हाच इतका खोल गेला होता की ऐकायला पुढे वाकावं लागलं. मी मुसलमान माणूस, आमच्यात हा प्रकार नाही. पण इतकी लग्नं काढलीत की मंगलाष्टकं मला भटजींइतकीच पाठ आहेत. शकुन-अपशकुनापुढे कॅमेरेवाल्याचं काय चालणार?

राहिला प्रश्न कॅमेऱ्याचा. मी एकटा माणूस, डोळा एका वेळी एकाच कॅमेऱ्याला लागणार. डीएसएलआर चित्र देखणं काढतो, पण त्याचा माइक म्हणजे टाचणीचं भोक. शेजारी मोठा आवाज झाला की हळू आवाज आपोआप दाबून टाकतो. उन्हात तापला की न सांगता बंद पडतो, ते वेगळंच. मोठा कॅमेरा ओबडधोबड, पण चालू करून सोडला की थांबत नाही, आणि मंडपातल्या साउंडवाल्याची वायर सरळ त्यात लावता येते. नवरदेवाकडून फोन आला होता, "सिनेमॅटिकच पाहिजे, तो डब्बा आणू नका." मी मुद्दाम डब्बाच मुख्य केला. स्टँडवर पक्का बांधला, वायर लावली, हेडफोन घालून ऐकून पाहिलं. डीएसएलआर आपला गळ्यात, नवरदेवाच्या समाधानापुरता. त्यांची बोलणी खाईन, पण हा आवाज सुटू देणार नाही, असं मी ठरवून टाकलं होतं.

लग्न भर मे महिन्यातलं, हायवेलगतच्या मंगल कार्यालयात. मुलीच्या मामांनंतर काकूंनी माइक घ्यायचा, असं ठरलं होतं. त्यांच्यात रीत अशी की लग्न लागताना मुलीच्या आईनं पाहू नये, तुळशीला पाणी घालत उभं राहावं. त्यामुळे मंगलाष्टक म्हणून झालं की त्यांनी मागच्या अंगणात जायचं. पण मामांचं आटोपलं आणि मोठ्या जावयांनी माइक उचलला. जावई म्हणजे मान. त्यांच्यामागून मावशी, मावशीमागून नवरदेवाकडचे निवृत्त मास्तर. कोणाला नाही म्हणावं, तर तो न जेवता गाडीत जाऊन बसणार. काकू माइककडे पाहत उभ्या. भटजी घड्याळावर बोट ठेवून डोळे वटारत होते.

तेवढ्यात मुलीच्या आत्यानं काकूंचा दंड धरला. "वयनी, मुहूर्त टळून राह्यला. तुमी इथं काहून उभ्या? चला तुळशीपाशी." काकू काहीतरी म्हणाल्या. ते आत्यापर्यंतसुद्धा पोचलं नाही.

मागच्या दारातून अंगण दिसत होतं. मी झूम करून पाहिलं. काकू तांब्या धरून तुळशीसमोर उभ्या होत्या आणि त्यांचे ओठ हलत होते. त्या म्हणत होत्या. तिथे माइक नव्हता, लेक नव्हती, कोणी म्हणजे कोणी नव्हतं.

माइक मास्तरांच्या मुठीत. मोठा कॅमेरा उपटून न्यावा, तर अक्षता पडायची वेळ आलेली, आणि ते चित्र गेलं म्हणजे लग्नच गेलं. मी तो तसाच चालू सोडला आणि डीएसएलआर घेऊन पळालो. या अल्ला, एवढा बंद पडू देऊ नकोस, एवढंच तोंडात.

तो बंद पडला नाही. मी काकूंपुढे गुडघ्यावर बसून बटण दाबलं आणि आत शेवटचं 'सावधान' झालं. बँडवाले तिथेच, अंगणात भिंतीला टेकून थांबले होते. त्यांनी एकदम सुरू केलं. मी ओरडलो, हात जोडले. लग्न लागल्यावर बँड कोण थांबवतो? काकूंनी माझ्याकडे पाहिलं, पण थांबल्या नाहीत. हातभर अंतरावर त्या म्हणत होत्या आणि मला एक शब्द ऐकू येत नव्हता. बँड थांबल्यावर मी विनवलं, "काकू, आता एकदा म्हणा. लग्न झालं, आता कसला अपशकुन?" त्यांनी प्रयत्न केला. घशातून नुसती हवा आली.

कार्ड कॉम्प्युटरला लावलं तेव्हा त्या नागपूरच्या वाटेवर होत्या. इतकं सुंदर चित्र मी कधी काढलेलं नाही. मागचं अंगण धूसर, पुढे तुळस, आणि ओठांची हालचाल न् हालचाल स्वच्छ. आवाज बँडचा. नवरदेवाकडच्यांनी ते पाहून माझी पाठ थोपटली. मी माहीत होते तेवढे सगळे उपाय केले. बँड पातळ झाला, पण त्याच्याखाली काहीच नव्हतं. दुकानाचं शटर अर्धं ओढून मी रडलो.

ऑपरेशननंतर मायलेकी दुकानात आल्या. काकूंच्या गळ्याभोवती रुमाल होता. मी मुलीला सरळ सांगितलं, आवाज आला नाही.

"बँडच्या खाली असन, भाऊ," ती म्हणाली. हेडफोन लावून, डोळे मिटून ती ऐकत बसली. संपलं की पुन्हा लावायला सांगायची. मला तिच्याकडे पाहवेना. एकदम तिनं हात वर केला. "हे! इथं आहे. आई, तू आयक!"

काकूंनी हेडफोन घातला. तिथे काय म्हटलं होतं ते जगात त्यांनाच ठाऊक. त्यांनी ऐकलं आणि मान हलवली, हो. मग मुलीनं तो माझ्या कानांना लावला. ताशे, पिपाण्या, फटाके. दुसरं काही नाही. लेकीच्या खांद्यावरून काकू माझ्याकडे टक लावून पाहत होत्या.

"आयकू येते ना, भाऊ?"

"हो," मी म्हटलं. "येते."