गोलीनं बसायचं नसतंय

माणूस गेला की त्याच्या घरात किस्से जमायला लागतात. आबांना जाऊन बारा दिवस झाले. भेटायला येणारा प्रत्येक जण एक किस्सा सांगतो, चहा पितो आणि जातो. बरेचसे मला पाठ आहेत. तरी ऐकते, कारण 'हो का?' एवढं म्हणण्यापुरतंच त्राण उरलंय. मधेच हसूही येतं, काय करणार!

आबा म्हणजे माझे वडील. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथ मशीनवर कामाला, आणि तरुणपणी आमच्या पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल टीमचे गोलकीपर. पेठेत त्यांना नावानं कुणी हाक मारलीच नाही. 'गोली', बस्स! त्यांचा नियम एकच. मॅच चालू आहे तोवर गोलीनं बसायचं नाही. "बॉल त्या टोकाला हाय म्हणून हितं बसायचं असतंय व्हय?"

*

हा किस्सा बाबूकाकांचा. ते आबांच्या पुढं फुलबॅक खेळायचे.

एका फायनलला आपल्या टीमनं अगदी शेवटी गोल मारला आणि पब्लिक मैदानात घुसलं. गुलाल, हलगी, खेळाडू खांद्यावर! मिरवणूक पेठेत पोचली, तालमीपुढं नारळ फुटला, आणि मग कुणाच्या तरी लक्षात आलं, गोली कुठाय? बाबूकाका सायकल मारत परत गेले. मैदान रिकामं, आणि आबा दोन खांबांच्या मधे उभे.

"अरं गोली, जिंकलो की आपण!"

"दंगा दिसला मला. पण शिट्टी कुटं ऐकली मी?"

शेवटी बाबूकाकांनी तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारली, तेव्हा कुठं आबा बाहेर आले.

*

मी सात वर्षांची असताना आई गेली. दुसरं लग्न कर म्हणून सगळे मागं लागले, आबांनी कुणाचं ऐकलं नाही. स्वयंपाक शिकले, माझ्या वेण्याही तेच घालायचे. बॉल अडवून अडवून बोटं वाकडी झालेली, पण पकड तशीच. वेण्या इतक्या घट्ट की माझ्या भुवया वर चढायच्या.

एकदा बाईंनी भर वर्गात विचारलं, "काय गं, रोज कसलं आश्चर्य वाटतंय तुला?"

मी रडत घरी येऊन सांगितलं. आबा म्हणाले, "ते ऱ्हाऊ दे. वेणी सुटली न्हाय न्हवं?"

*

दहावीच्या परीक्षेला आबांनी रजा काढली. मी आत, ते गेटबाहेर मार्चच्या उन्हात उभे. तीन तास! बंदोबस्ताच्या हवालदाराला बघवेना.

"पावणं, बसा की जरा सावलीला."

"पोरगी आत हाय."

"मग? ती तर बसूनच पेपर लिहितीया!"

आबा हलले नाहीत. दुसऱ्या दिवशी हवालदारानं आपली टोपी त्यांच्या डोक्यावर ठेवली म्हणे. हे मात्र मला कुणी तरी परवाच सांगितलं, खरं-खोटं आबांनाच ठाऊक.

*

पुढं मी गडहिंग्लजला शिक्षिका झाले. दर शनिवारी एसटीनं घरी. आबा स्टँडवर फलाटाशी उभे असायचेच. एकदा वाटेत गाडी बिघडली, चार तास उशीर झाला. मोबाईल तेव्हा कुठले आमच्याकडं! मी उतरले तर चौकशीच्या खिडकीतला माणूस माझ्यावरच खेकसला, "बाई, येळंत येत जावा! ह्यांच्याकडं बघून माझं पाय दुखाय लागल्यात."

मला त्या दिवशी शरम वाटली. आबांवर चिडले. "यापुढं स्टँडवर यायचं नाही," असं तोडून बोलले. पुढच्या शनिवारी ते होतेच, फक्त खांबाआड.

*

मला बघायला राधानगरीकडचे पाहुणे आले होते. आबा दारात उभे ते उभेच. मुलीचा बाप उभा म्हटल्यावर मुलाचा बाप उठला. मग मुलाचा काका उठला, मग मुलगा. मी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आले तर सगळी बैठक उभी!

मध्यस्थाकडून निरोप आला, "माणसं चांगली हायत. पण घरात खुर्च्या न्हाईत वाटतं."

लग्न राहिलं ते राहिलंच. त्याचं खापर मी आबांवर कधी फोडलं नाही. फोडावंसं वाटलं नाही असंही नाही.

*

मग आबा विसरायला लागले. आधी लेथ, मग पेठ, मग मी. मी बदली मागून कोल्हापूरला आले. सकाळी त्यांना अंघोळ घालून शाळा, संध्याकाळी परत. आल्यावर बघावं तर कॉटवर बसलेले. मला बघून रोज म्हणायचे, "या पावणं." दोन वर्षं रोज! सुरुवातीला मी नाव सांगायची. नंतर सोडून दिलं. थकले होते मी.

त्यात त्यांचे पाय सुजायला लागले. मीठ कमी केलं, गोळ्या बदलल्या, सूज हटेना. डॉक्टर वैतागून म्हणाले, "दिवसभर उभं करून ठेवता की काय यांना?"

मी ताडकन बोलले, "डॉक्टर, ते कॉटवरून उठतसुद्धा नाहीत!"

एके दिवशी शाळा दुपारीच सुटली. शेजारच्या शांताकाकू नळावर भांडी घासत होत्या. आमच्या घराची किल्ली त्यांच्याकडं असायची, आबांना दुपारचं जेवणही त्याच द्यायच्या.

"लवकर आलीस? बरं झालं बाई. आज तेवढंच लवकर बसतील."

"कोण?"

काकूंनी हनुवटीनं आमची खिडकी दाखवली. गजांवर वाकड्या बोटांचे दोन हात होते. मागं आबा, ताठ उभे, नजर गल्लीच्या तोंडाकडं. मी चालत गेले तशी ती नजर माझ्याबरोबर पायरीपर्यंत आली. मग एकेक बोट गजावरून सुटलं, आणि ते कॉटवर बसले.

मी दार उघडलं.

"या पावणं," आबा म्हणाले. "कुणाकडं आलाय?"