आम्ही ठेवलेला माठ

टाळेबंदीत मुंबईहून माणसं पायी गावाकडे निघाली, तेव्हा ती आमच्या खालापूरच्या घरासमोरूनच, जुन्या पुणे रस्त्याने जात होती. मी शिकवतो ती शाळा बंद होती. दिवसभर मी घरातच असे.

एका दुपारी एक बाई गेटाशी थांबली. कडेवर मूल, हातात रिकामी बाटली.

"भैया, पानी मिलेगा?"

"आगे नल है," मी खिडकीतूनच ओरडलो.

पुढे लांबवर कुठेही नळ नव्हता, हे मला ठाऊक होतं. ती चालू लागली. मी बाहेर जाऊन तिने धरलेली कडी सॅनिटायझरने पुसली आणि गेटाला कुलूप घातलं.

शेजारच्या म्हाताऱ्या काकूंनी हे पाहिलं होतं. संध्याकाळी त्यांनी रस्त्याकडेला माठ मांडला आणि रोज दोनदा भरू लागल्या. मी वर त्यांनाच सुनावलं, "काकू, आजार घरात आणाल."

"आनला तर आनला. तानेल्या मानसाला नाय कसं म्हनू रं?"

गेल्या मे महिन्यात बहिणीची मुलगी नागपूरहून सुट्टीला आली. शाळेच्या प्रकल्पासाठी तिला टाळेबंदीच्या त्या दिवसांची माहिती हवी होती.

"आम्ही सगळं टीव्हीवरच पाहिलं. मामा, तुझं घर तर त्या रस्त्यालगतच आहे. तू काय केलंस?"

"आम्ही गेटाबाहेर पाण्याचा माठ ठेवला होता."

जीभ जराही अडखळली नाही. हे मी शिक्षकांच्या खोलीत, लग्नाच्या पंगतीत अनेकदा सांगितलं होतं. सुरुवातीला 'शेजारच्या काकूंनी' म्हणत असे. मग 'आमच्या आळीने' झालं. 'आम्ही' कधी झालं, ते कळलंच नाही.

काकू आमच्याच ओट्यावर भिजवलेले वाल सोलत बसल्या होत्या.

"व्हय गं, ठेवला व्हता," त्या मुलीला म्हणाल्या. "लई ऊन व्हतं तवा."

माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"माठ काकूंचा होता," मी म्हणालो. "मी एका लेकुरवाळ्या बाईला पाणी नाकारलं. खोटं सांगून पुढे पाठवलं."

मुलगी खाली मान घालून लिहू लागली. थोड्या वेळाने तिने वही वाचायला दिली. काकूंच्या माठाबद्दल चार ओळी होत्या. खाली एकच वाक्य होतं, 'काही लोकांनी घाबरून पाणी दिले नाही.'

'काही लोकांनी' खोडून 'माझ्या मामाने' लिही, असं म्हणायला हवं होतं. मी "छान लिहिलंस" म्हणालो आणि वही परत दिली.