मी कुठे उभा होतो

प्राध्यापक सुनंदा तारकर, म्हणजे आमच्या मॅडम, साठ वर्षांच्या होत आहेत आणि त्यांच्या गौरवग्रंथात चार शब्द लिहायचा मान मला मिळाला आहे. मी त्यांचा विद्यार्थी, पण वयाने त्यांच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. त्यामुळे या लेखात नमस्कार आणि आशीर्वाद यांची थोडी सरमिसळ होईल. वाचकांनी सांभाळून घ्यावं.

आमची पहिली भेट भाईंदरच्या कॉलेजात, प्रवेशाच्या खिडकीपुढे झाली. नोकरीतून निवृत्त होऊन मला वर्ष झालं होतं. शिक्षण बारावीपर्यंत, पण इथल्या एका साप्ताहिकाला फावल्या वेळात पंचवीस वर्षं बातम्या पुरवत आलो होतो. पत्रकारितेची पदवी घ्यायचीच, हे डोक्यात बसलं होतं. खिडकीतला क्लार्क म्हणाला, "अंकल, पेरेंट्स को उधर बैठना है."

मागून आवाज आला, "अहो, फॉर्मवरचा फोटो तरी बघा. त्यांचाच आहे." मग मॅडम माझ्याकडे वळल्या. "परब ना? वर्गात मी तुम्हाला नुसतं परब म्हणणार. बाहेर काका. चालेल?"

"धावेल," मी म्हटलं.

मॅडमांची शिकवण्याची एक पद्धत त्यांच्या सगळ्या विद्यार्थ्यांना पाठ आहे. बातमी कोणतीही असो, कागदाच्या माथ्यावर पहिली ओळ लिहायची: मी कुठे उभा होतो. काशीमीऱ्याच्या गॅरेजवर बातमी करणाऱ्या मुलीने लिहावं, "ट्रकच्या डाव्या चाकापाशी." ती ओळ छापायची नसते, मॅडमांना दाखवायची असते. पोरं हसायची. मी तर मनात म्हणायचो, पंचवीस वर्षं बातम्या लिहिल्या, आता उभं राहायलाही शिकायचं का.

मॅडम कडक खऱ्या, पण माया करताना हात आखडत नाहीत. आमच्या हिच्या, कुंदाच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी तीन आठवडे घरीच होतो. मॅडमांनी वर्गातल्या पोरांच्या पाळ्या लावल्या. रोज संध्याकाळी एकेक जण मला फोनवर टिपणं वाचून दाखवायचा. कुंदा पलंगावर पडून सगळं ऐकायची. शेवटी शेवटी मी चुकलो की तीच दुरुस्त करायला लागली.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला बसलो, ती सांगतो.

शेवटच्या वर्षी आमचा प्रायोगिक अंक निघायचा. त्यातल्या बातमीत नापास म्हणजे पदवी अडकली. घरी तर कुंदाने पदवीच्या फोटोसाठी दिवाणखान्यात आधीच खिळा ठोकून ठेवला होता. मला चौक गावातला कार्यक्रम मिळाला. उत्तनच्या पलीकडचं हे मच्छीमारांचं गाव. तिथे बायकांसाठी मासे सुकवायचा नवा ओटा बांधला होता, त्याचं उद्घाटन.

आमच्या साप्ताहिकात एक रीत होती. निमंत्रणपत्रिका हाती आली की कार्यक्रमाआधीच बातमी तयार ठेवायची. पाहुण्यांची नावं पत्रिकेवर असतातच, आणि कार्यक्रम "उत्साहात पार पडला" हे कोणीही लिहू शकतो. त्या सकाळी पाऊल मुरगळलं म्हणून मी गेलो नाही. जेसल पार्कातल्या घरी बसून बातमी लिहिली, "ग्रामस्थांनी आनंदोत्सव साजरा केला" असं ठोकून दिलं, आणि माथ्यावर ओळ घातली: ओट्याच्या उजव्या बाजूला.

अंक छापून आला. दोन दिवसांनी मॅडमांनी मला बोलावून घेतलं. समोर अंक उघडा होता.

"परब, तुम्ही ओट्याच्या उजव्या बाजूला होतात?"

मी मुरगळलेल्या पावलाकडे पाहिलं.

"त्या दिवशी चौकमध्ये मयत झाली होती. कार्यक्रमच झाला नाही. आपल्या अंकात गाव आनंदोत्सव करतंय."

मला वाटलं, आता ह्या ओरडतील. त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "या बातमीला शून्य. आणि उद्या आपण दोघं चौकला जातोय. ज्यांचं माणूस गेलं, त्यांना तुम्ही ही बातमी वाचून दाखवायची."

दुसऱ्या दिवशी बसने गेलो. तिथे मासे सुकवणाऱ्या रोझीबाईंचा दीर गेला होता. त्या दारातच बसल्या होत्या. मी उभ्या उभ्या वाचलं. "आनंदोत्सव"सकट सगळं वाचलं. ऐकून त्या म्हणाल्या, "तुझ्या पेपरात आमी नाचतो, न् आमच्या घरात रडं हाय. तू आलाच न्हाय ना?"

"न्हाय आलो," मी म्हटलं.

तेवढ्यात मॅडम पुढे झाल्या. "अंकाची संपादक मी आहे. विचारायचं काम माझं होतं, मी विचारलं नाही. चूक माझीही आहे." आणि त्यांनी हात जोडले. माझ्यामुळे जोडलेले ते हात मी विसरणार नाही.

रोझीबाईंनी मॅडमांचे हात धरून खाली केले. मग म्हणाल्या, "महिन्यानं हाय उद्घाटन. तवा ये. सकाळीच ये, नायतर परत घरून लिवशील."

गेलो. सकाळपासून ओट्याच्या उजव्या बाजूलाच उभा राहिलो. पाहुणे आलेच नाहीत, कात्री त्यांच्याबरोबर राहिली, आणि रोझीबाईंनी मासे कापायच्या सुरीने फीत कापली. हे कुठल्या पत्रिकेत छापलेलं नव्हतं. मॅडमांनी शून्य पुसलं नाही. दुसऱ्या बातमीला गुण वेगळे दिले, दोन्ही मिळून मी जेमतेम काठावर पास झालो. पुढच्या अंकात पहिल्या पानावर चुकीची कबुली छापली, तिच्याखाली दोघांच्या सह्या, पहिली मॅडमांची. गेल्या वर्षी कुंदाच्या खिळ्यावर फोटो चढला. त्या साप्ताहिकाला मी अजून बातम्या देतो, पण जाऊन.

मॅडम, तुमची पावलं अशीच दमदार राहोत, नजर अशीच तीक्ष्ण राहो, आणि पंच्याहत्तरीच्या ग्रंथातही लिहायला तुम्ही मला बोलवावं, म्हणजे तेवढं जगण्याची जबाबदारी माझ्यावरही येईल.

संपादकांनी सुचवलं होतं की शेवटी समारंभाबद्दल दोन ओळी घाला, ग्रंथ त्याच दिवशी वाटायचा आहे. त्या ओळी मी घातलेल्या नाहीत. मी कुठे उभा होतो: जेसल पार्क, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी, समारंभाच्या तीन आठवडे आधी. समारंभ अजून पाहिलेला नाही. सकाळीच येतोय.