हशमतची पोटरी

इराणातल्या काशानच्या तांबट बाजारात हशमत कल्हईवाल्याच्या उजव्या पोटरीची लई चर्चा. तांब्याच्या देगीत, म्हंजे कंबरभर हंड्यात, उतरायचं, पायाखाली वाळू नि ओलं फडकं घ्यायचं आणि कंबरेला पिळे देत देग आतून लख्ख घासायची, हा त्याचा जन्माचा धंदा. पण सालभरात ती पोटरी अशी फुगली की पायजम्याची शिवण उसवली. डावी आपली होती तशीच.

"उस्ता, एका पायाला दुंब्या मेंढीची चरबी चारतोस नि दुसऱ्याला कोरडी रोटी व्हय?" शेजारचा इस्कंदर तांबट डिवचायचा.

"ताकद हाय ती! जळतोस कशापायी?" हशमत पोटरीवर थाप मारायचा.

बायकोनं, तूबानं, मात्र धसका घेतला. गाठ असंल, पाय कापतील. मोहरम तोंडावर आलेला, कल्हईला आलेल्या अन्नदानाच्या देगींची दारात रास. तरी तिनं त्याला ओढतच दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, भिंतीला हात टेका. डाव्या चवड्यावर उभे राहा."

राहिला.

"आता नुसत्या उजव्या."

टाच उचलेना. हशमतनं दातओठ खाल्ले, घामानं निथळला. टाच फरशीला चिकटलेलीच.

"फरशी निसरडी हाय," तो पुटपुटला.

मग बाईंनी पोटरीत यंत्राला जोडलेली बारीक सुई खुपसली. पाय निपचित पडलेला, आणि यंत्रातून तडतडाट, तव्यावर लाह्या फुटाव्यात तसा.

"म्या हलवत न्हाई, बाई! खुदाशपथ!"

"तुम्ही नाही, आतला स्नायू आपोआप आखडतोय." बाईंनी पाठीचा फोटो उजेडात धरला. "गाठ नाही. मणक्यातली गादी सरकून पायाची नस चेपलीय. बहुतेकांची पोटरी अशानं वाळते. क्वचित एखाद्याची अशी सतत आखडून उलट वाढते."

"आन् ताकद?"

"ती कधीच गेलीय. आता कंबर पिळणं बंद. नाहीतर पाऊल लुळं पडेल."

तूबा खुदाचा शुक्र मानत रडली. हशमत मात्र स्वतःच्या पोटरीकडं परक्याच्या जनावराकडं बघावं तसा बघत राहिला.

दुकानी परतल्यावर इस्कंदर खदाखदा हसला. "काय, पैलवान?"

"देगीत तू उतर."

त्याचा चेहरा बघून इस्कंदरचं हसू विरलं. मुकाट्यानं धोतरासारखा पायजमा खोचून तो देगीत उतरला, नि पहिलाच पिळा दिला.

"हळू!" हशमत किंचाळला. "कंबर पिळू नगंस!"

"मग वाळू हलायची कशी रं?"