घरमालकांच्या काखेतली गाठ

आमच्या घरमालकांच्या उजव्या अंगठ्यात जेवढी अक्कल होती, तेवढी घाटंजीतल्या सगळ्या शहाण्यांच्या डोक्यांत मिळून नव्हती, असं मी आजही कुणासमोर म्हणायला तयार आहे. आमचा मुलूख नागपूरच्या कारभारातून निघून मुंबईच्या कारभारात गेला, त्या सुमारास मी तिथल्या शाळेत मास्तर म्हणून रुजू झालो आणि त्यांची रस्त्याकडची खोली भाड्याने घेतली. ते कापसाचे दलाल. बाजारात गाडी उभी राहिली की कापसाची चिमूट उचलायची, अंगठा आणि तर्जनीत धरून हळूच ओढायची, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. "धागा आखूड हाये." किंवा, "काल पानी मारलं तुनं याच्यावर. वजनासाठी मारलं का सवयीनं?" शेतकरी ओशाळून हसायचा, कारण पाणी त्याने खरोखरच मारलेलं असायचं. त्या अंगठ्यावर अपील नव्हतं.

हा अंगठा घरी आल्यावरही स्वस्थ बसत नसे. ताटातली भाकर मोडण्याआधी ते तिची कड चोळून पाहत आणि ज्वारी कोणत्या वावरातली ते सांगत. बैलाचा कासरा, लुगड्याचा पदर, पाहुण्याची टोपी, काहीही त्यांच्या हाताखालून गेल्याशिवाय त्यांना दिसलं असं वाटत नसे. मी खोली पाहायला गेलो तेव्हा त्यांनी मला गाव विचारलं नाही की पगार विचारला नाही. माझ्या कोटाची बाही तेवढी चिमटीत धरली आणि आत हाक मारली, "आवो, मास्तरले चहा आना. कोट उलटवून शिवला हाये. मानूस काटकसरी दिसते." मला राग आला होता, पण चहा चांगला होता.

अशा माणसाला एका माघात, कापसाचा हंगाम ऐन भरात असताना, उजव्या काखेत गाठ आली. हरभऱ्याच्या दाण्याएवढी, पण हात वर केला की जीव कळवळावा इतकी दुखरी. दुसऱ्या कुणी आंबेहळदीचा लेप लावला असता आणि कामाला लागला असता. आमच्या घरमालकांनी मात्र अंथरूण धरायचंच बाकी ठेवलं. त्यालाही कारण होतं. दोन वर्षांपूर्वी त्यांचे थोरले भाऊ मानेवरच्या गाठीनेच गेले होते. नागपूरला नेलं तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी "फार उशीर केलात" एवढंच म्हटलं आणि तीन महिन्यांत सगळं आटोपलं. तेव्हापासून गाठ म्हणजे मरण आणि दवाखाना म्हणजे त्या मरणावरचा शिक्का, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. म्हणून ते डॉक्टर सोडून बाकी सगळ्यांना गाठ दाखवत सुटले.

पहिला मान माझा. सकाळी मी शाळेला निघालो की ते दारात बंडीची गुंडी काढून उभे. "मास्तर, शिकलेले-सवरलेले हा तुमी. हात लावून पाहा बरं, कालच्याहून मोठी का लहान?" मी तेवढीच आहे म्हटलं तर त्यांना पटेना, मोठी म्हटलं तर पाणी मागवावं लागे. नवे पैसे नुकतेच सुरू झाले होते, त्यामुळे गाठ चवलीएवढी की नव्या पैशाएवढी यावर मी आणि किराणावाला रोज भांडत असू. बंजारा तांड्याचे नाईक कापसाच्या गाड्या घेऊन आले, त्यांनी चाचपून काखमांजरी सांगितली. तेल्याने अवधान सांगितलं. शाळेच्या हेडमास्तरांनी उष्णता सांगितली, पण ते सगळ्यालाच उष्णता सांगत. प्रत्येक जण दाबून पाही आणि दिवसाकाठी पंधरा-वीस जणांनी दाबल्यावर जे व्हायचं ते होऊन गाठ आणखी ठणके. मालकीणबाई एकदा स्वयंपाकघरातून म्हणाल्या, "आख्ख्या गावाले काख दाखवून राह्यले, एक डाक्टरच तेवढा परका हाये काय तुमाले?" त्यावर घरमालक बंडी सावरत किराणावाल्याला काख दाखवायला निघून गेले.

बाजारात तर निराळाच घोटाळा झाला. पूर्वी सौदे दुपट्ट्याखाली होत. दलाल आणि व्यापारी कापडाआड एकमेकांची बोटं धरत आणि भाव ठरे, शेतकऱ्याला पत्ता नसे. बाजाराच्या कमिटीने हा प्रकार बंद करून उघडी बोली लावली होती. आता चारचौघांत काख उघडी कशी करायची, म्हणून घरमालक खांद्यावरचा दुपट्टा पसरत आणि समोरच्याचा हात धरून त्याखालून गाठीपर्यंत नेत. समोरचा गंभीर होई, मान हलवी, पुटपुटे. लांबून पाहणाऱ्या व्यापाऱ्यांना वाटलं, आज बुढ्ढा आतून काहीतरी मोठं जमवतोय. तासाभरात बाजारात कुजबूज झाली, बोली थांबली आणि कमिटीचा कारकून धावत आला. त्याने "सापडले!" असं ओरडून दुपट्टा ओढला. खाली पारवा गावच्या एका शेतकऱ्याचा हात घरमालकांच्या काखेत होता आणि घरमालकांच्या डोळ्यांत पाणी होतं. सगळा बाजार हसला. कारकुनालाही हसू आवरेना. घरमालक एकटेच हसले नाहीत. "भाव नाई पाहून राह्यलो, बाप्पा," ते म्हणाले, "मी जगतो का मरतो थे पाहून राह्यलो."

त्या संध्याकाळी त्यांना कणकण आली. दुसऱ्या दिवशी सकाळीच मालकीणबाईंनी दमणी जुंपून घेतली, नवं लुगडं नेसल्या आणि गाडीत जाऊन बसल्या. "मी सरकारी दवाखान्यात चालली. तुमाले यायचं तं या." बाईंना स्वतःला काहीच झालेलं नव्हतं. पण बायको एकटी दवाखान्यात जाणार म्हटल्यावर घरमालक गाडीत चढले आणि मलाही ओढून घेतलं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी काख पाहिली, गाठीला अलगद हात लावला आणि म्हणाले, "आता हात दाखवा." घरमालकांनी हात पुढे केला. अंगठा नखाच्या एका बाजूने सुजून लाल झाला होता. हंगामात बोटांना बोंडाची टोकं टोचतातच, ठुसठुस कोण मोजतो, म्हणून त्या नामांकित अंगठ्याकडे खुद्द मालकाचंच लक्ष गेलं नव्हतं. डॉक्टरांनी सुईने नखाखालून सुकलेल्या बोंडाचं टोक काढलं, पू काढला, पेनिसिलिन टोचलं आणि पट्टी बांधली. "काखेतली गाठ या जखमेमुळे आली, अवधान म्हणतात ते हेच. जखम बरी झाली की तीही उतरेल. पंधरा दिवसांत उतरली नाही, तर मात्र मला येऊन दाखवायची. आणि कुणालाही दाबू देऊ नका." मग हात धुता धुता ते म्हणाले, "दुखणारी गाठ घेऊन माणसं येतात हो. टणक असते, दुखत नाही, हळूहळू वाढते, ती दुखत नाही म्हणून घरीच ठेवतात. तिच्यासाठी एक दिवस थांबू नये."

आम्हाला वाटलं, आता घरमालक उड्या मारतील. पण त्यांचा चेहरा पार उतरला. बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर ते बसले ते उठेनात. मी थट्टेच्या सुरात म्हणालो, "सगळ्या तालुक्याचा हात लावून घेतलात. स्वतःचा अंगठा लावला असता तर?"

"थोच नाई लावला मी," ते म्हणाले. "दादानं गाठ पयले मलेच दाखवलती. म्हने, तुहा हात कधी चुकत नाई. मी दाबून पाह्यली. दुखते का, म्हटलं. म्हने, नाई. मी म्हटलं, मंग कायले घोर करतं? वरीसभर मंग त्यानं कोनाले दाखवली नाई." ते पट्टी बांधलेल्या अंगठ्याकडे पाहत राहिले. "मास्तर, तवाच आनला असता तं वाचला असता का हो दादा?"

मी म्हणालो, "कुणाला सांगता येणार?" मालकीणबाई त्यांच्या शेजारी बसल्या. भर दवाखान्यात, चारचौघांत, त्यांनी नवऱ्याचा हात आपल्या हातात घेतला आणि गाडीवाला दोनदा हाक मारून गेला तरी सोडला नाही.

गाठ आठवड्याभरात उतरली. घरमालक पुन्हा बाजारात जाऊ लागले, कापूस पुन्हा त्यांच्या अंगठ्यापुढे खरं बोलू लागला. पण कुणी "जरा हात लावून पाहा, इथं काही लागते" असं म्हटलं, की ते दोन्ही हात पाठीमागे घेत. "मले नको दाखवू. ऊठ." आणि सौदा अर्धा टाकून त्या माणसाला दवाखान्यात नेत, त्याचा नंबर येईपर्यंत बाकावर शेजारी बसून राहत. दहांतल्या नवांना काहीच नसे. डॉक्टर वैतागले की ते हात जोडून म्हणत, "काई नाई निंघालं, थे चांगलंच हाये नं साहेब." तांड्यावरच्या एका बाईचं मात्र निघालं. तिला वेळेवर नागपूरला पाठवलं आणि ती बरी होऊन परत आली. त्या दिवशी घरमालक पोरासारखे रडले आणि रडता रडता तिच्या पदराचं सूत मात्र चोळून पाहिलंच.

आता ते नाहीत, मालकीणबाई नाहीत, मीही पेन्शनीत निघालो त्याला बरीच वर्षं झाली. परवा दाढी करताना मानेच्या बाजूला काहीतरी हाताला लागलं. मी दाबून पाहिलं. दुखत नाही ना, मग कशाला काळजी, असं स्वतःशीच म्हणालो, आणि वस्तरा तसाच हातात राहिला. घरात अजून कुणाला सांगितलेलं नाही. उद्या सकाळी दवाखान्यात जातो आहे. बाकावर शेजारी ते असते, तर फार बरं वाटलं असतं.