होल्ड म्हणजे काय रे?

मावशींनी उभी हयात अतिदक्षता विभागात नर्स म्हणून काढली. निवृत्तीची पुंजी त्यांनी भाच्याच्या सल्ल्याने एका औषध कंपनीच्या शेअरमध्ये घातली आणि जिवाला घोर लावून घेतला. टीव्हीवर त्या कंपनीचं नाव आलं, की त्या हातातलं काम टाकून समोर येऊन बसायच्या.

आज बातमी आली, की विश्लेषकांनी त्या शेअरचं रेटिंग ‘बाय’वरून ‘होल्ड’वर आणलं. मावशींनी भाच्याला तडक बोलावून घेतलं.

“होल्ड म्हणजे काय रे?”

“म्हणजे आहेत ते ठेवा. विका असं कुठे म्हटलंय त्यांनी? तुझी आपली उगाच पाचावर धारण बसते.”

“मग विका असं म्हणतात तरी कधी?”

भाचा हसला. “जवळजवळ कधीच नाही. तसं म्हटलं, तर कंपनीवाले त्यांना पुन्हा दारात उभं करायचे नाहीत.”

अतिदक्षता विभागाच्या दाराशी मावशीही कधी ‘आशा नाही’ म्हणाल्या नव्हत्या. मोठ्या डॉक्टरांची तशी ताकीदच होती. ‘प्रकृती स्थिर आहे,’ एवढंच सांगायचं. नातेवाइकांचे चेहरे खुलायचे. मग मावशी म्हणायच्या, ‘जा, दोन घास खाऊन या.’ कित्येकदा ते परत येईपर्यंत पलंग रिकामा झालेला असायचा.

भाच्याने टीव्ही बंद केला आणि मायेने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

“काळजी करू नकोस, मावशी. जा, दोन घास खाऊन घे.”