किन्हीराजात लावलेली उद्योगाची पोथी

जऊळका स्टेशनावर उतरलो तेव्हा माझ्याजवळ एक वळकटी, एक ट्रंक आणि चार दिवसांची रजा होती. ट्रंकेत मीच लिहिलेल्या, मीच छापून घेतलेल्या पुस्तकाच्या प्रती होत्या. नोकरी झुगारून स्वतःचा उद्योग उभारणाऱ्या नऊ माणसांच्या त्या हकिकती. आणि लेखक कोण? नाशकातल्या शाळेतला मास्तर! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. हेडमास्तरांनी बजावलं होतं, "रजेवर एक दिवस जास्त झाला, तर जागा दुसऱ्याला." म्हणून किन्हीराजा गावच्या बाजारात पुस्तकं विकायची आणि दुसऱ्या दिवशीची संध्याकाळची गाडी गाठायची, असा बेत होता.

भाद्रपदातली उघडीप होती. दोन्ही बाजूंना हिरवीगार पऱ्हाटी (कपाशी), आणि मधे रस्ता म्हणावा असा नुसता चिखल. दमणीचं (हलक्या बैलगाडीचं) चाक रुतलं. मी उतरून जोर लावला, तर डाव्या पायातला जोडा चिखलानं ठेवून घेतला. दमणीवाला म्हणाला, "राहू द्या गुर्जी, थो आता वावराचा झाला." बाजारात मी अनवाणीच पोचलो.

भाजीच्या रांगेत जागा मिळाली. पुस्तकं मांडली. लोक यायचे, पायताण काढायचे, पुस्तकाला हात लावून कपाळाला न्यायचे आणि पुढे चालते व्हायचे. दुपारपर्यंत एक प्रत खपली नाही. शेजारी काशीबाई नावाची माळीण वांगी विकत होती. माझं तोंड पाहून तिनं भाकर आणि भुरका (तेलात परतलेलं तिखट) पुढे केला. भुरक्यानं डोळ्यांतून पाणी काढलं.

"घेत का नाही हो कुणी?" मी विचारलं.

"पोथी का वांगं हाय, टोपल्यातून उचलाले? पोथी आंधी ऐका लागते. उद्या मारुतीच्या पारावर लावा. वावरात चिखल हाय, वाफसा नाही, सारे रिकामेच हायेत."

दुसऱ्या दिवशी दुपारी पार भरला. कुणीतरी माझं पुस्तक पाटावर ठेवून त्याला हळदकुंकू वाहिलं. मी 'अहो, ही पोथी नव्हे' म्हणेपर्यंत पाटापुढे नारळही आला. इथली रीत अशी की एकानं वाचायचं आणि दुसऱ्यानं अर्थ सांगायचा. अर्थ सांगायला किसनबुवा नावाचे म्हातारे शेतकरी बसले. मी वाचलं, "भांडवलाचा संचय हा उद्योगाचा पाया होय."

बुवा म्हणाले, "म्हंजे बियाण्याची जवारी दळून खाऊ नोका. खाल्ली का पेरनं बुडालं."

"हाव, बराबर!" पार डोलला. मला पाच पानं लागली होती हो एवढं सांगायला.

पहिला अध्याय संपवून मी पुस्तक मिटलं. गाडी गाठायची होती, दमणी उभीच होती. बुवा हळूच म्हणाले, "लावलेली पोथी अधुरी सोडत नाहीत, गुर्जी."

"पण मला नोकरीवर हजर व्हायचंय."

"कोनाची नोकरी?" काशीबाईनं विचारलं.

"माझी. शाळेत मास्तर आहे मी."

पारावर असा हशा पिकला की देवळावरचे पारवे उडाले. काशीबाई तेवढी हसली नाही. "तुमी सोता सोडली नाही? मंग आमाले कायले सांगून राह्यले?"

आधी राग आला, मग कानाच्या पाळ्या तापल्या. बाईचा एक शब्द खोटा नव्हता. जागा जाणार हे कळत होतं, तरी मी दमणी परत पाठवली आणि दुसरा अध्याय उघडला.

तीन दिवस वाचन चाललं. नवव्या अध्यायानंतर गूळखोबरं वाटलं गेलं आणि ट्रंक रिकामी झाली. ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांनीही पोथी घरात हवी म्हणून नेली. तेवढ्यात काशीबाई उभी राहिली. "दलाल बांधावर येते, सांगन थ्या भावात माल नेते. उद्या मीच वांगे घेऊन अकोल्याले जातो."

"एकटी बाई, आगगाडीत?" कुणीतरी म्हणालं. तिच्या घरातल्या बायकांपैकी कुणी असं केलं नव्हतं.

"एकटी कायले? पोथीवाले गुर्जी हायेत डब्यात."

तिसऱ्या वर्गाच्या डब्यात तीन टोपली आणि आम्ही दोघं. जऊळका सुटल्यावर ती खिडकीचा गज घट्ट धरून बसली. अकोल्याच्या बाजारात मात्र तिचा आवाज असा फुटला की माझीच छाती फुगली. दुपार टळायच्या आत रिकामी टोपली पालथी घालून ती त्यांच्यावरच बसली.

"गुर्जी, आता गावात गेली का दहावा अध्याय मीच सांगतो," ती म्हणाली.

नाशकात पोचल्यावर शाळेवरून गेलो. माझ्या वर्गात नवे मास्तर पाढे म्हणवून घेत होते. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण पाय आत वळले नाहीत. मी सरळ छापखान्यात गेलो आणि म्हटलं, दुसरी आवृत्ती काढायची, आणि तीत दहावा अध्याय वाढवायचाय.

"तुमचा स्वतःचा का?" छापखानेवाल्यानं विचारलं.

"नाही. किन्हीराजाच्या एका माळिणीचा. मी आत्ता कुठे सुरुवात केलीय; माझा अध्याय करून दाखवल्यावर."